आजी कुणाची, ते नंतर सांगा

आज संध्याकाळी एका कार्यक्रमाला गेले होते. जुन्या मराठी रंगभूमीवरच्या स्त्रियांविषयी होता म्हणून मुद्दाम गेले. पडद्यावर कमलाबाई गोखल्यांचा फोटो आला आणि निवेदिका मधाळ आवाजात म्हणाल्या, "या कोण, ओळखलंत? आपल्या विक्रम गोखल्यांच्या आजी!" सभागृहात "अरे वा" झालं. पुढचा फोटो. झाल्या कमलाबाई.

तेव्हापासून डोकं सणकलंय. झोप येणार नाही, म्हणून लिहून टाकते.

विक्रम गोखले मोठे नट होते, त्यांचे वडील चंद्रकांत गोखलेही. दोघांबद्दल मला आदर आहे, उगाच कुणी अंगावर येऊ नका. पण त्या घरात नट जन्माला येण्याआधी घर चालवलं कुणी? पंचविशीत नवरा गेला, दोन पोरं पदरात आणि तिसरं पोटात, तेव्हा तोंडाला रंग लावून या बाई उभ्या राहिल्या. लालजी, चंद्रकांत आणि सूर्यकांत, तिघांना वाढवलं. दोघांच्या हातात तबला आला, एकाच्या वाट्याला रंगभूमी. ही ओळख नाही होत का?

माझ्या आत्याची गोष्ट सांगते. साठच्या दशकात ती राज्य नाट्य स्पर्धेत काम करायची. आमच्या ओटीवर तिचा एक फोटो होता, नऊवारी, नथ, चेहऱ्यावर रंगाचा थर, हात कमरेवर. तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या काकांनी फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोण?" आजोबा शांतपणे म्हणाले, "शेजाऱ्यांची मुलगी. नाटकात असते." आणि त्याच क्षणी पोह्यांचा ट्रे घेऊन आत्या आत आली.

शेजाऱ्यांची!

आत्या हे हसत हसत सांगते. आम्हीही वर्षानुवर्षं हसलो. लग्न झालं आणि नाटक सुटलं ते सुटलंच.

आता यापेक्षा पन्नास वर्षं मागे जा. दुर्गाबाई कामत, कमलाबाईंच्या आई. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, कडेवर लहान मुलगी. ब्राह्मणाच्या बाईने पोट कसं भरायचं? धुणीभांडी, नाहीतर ज्याचं नाव घ्यायचं नाही ते. त्यांनी नाटक कंपनी निवडली. जातीने वाळीत टाकलं. पोरगी कंपनीच्या बिऱ्हाडांतच वाढली, कळायला लागायच्या आधीच स्टेजवर उभी राहिली.

१९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हा तारामतीसाठी त्यांना बाई मिळेना. घरंदाज तर सोडाच, ज्यांना समाजाने आधीच ओवाळून टाकलं होतं त्याही सिनेमाचं नाव काढल्यावर नको म्हणाल्या. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. (या साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. त्यांच्यावरही कुणीतरी लिहायला हवं, पण आज नाही.) आणि मग 'मोहिनी भस्मासुर'. त्यात पार्वती दुर्गाबाई, मोहिनी कमला. मुलगी तेरा-चौदा वर्षांची. सगळ्या देशात ज्या कामाला कुणी बाई यायला तयार नव्हती, त्याला या मायलेकी जोडीने उभ्या राहिल्या.

तो चित्रपट आज आपल्याला बघायला मिळत नाही. म्हणून मग काय करतो आपण, 'पहिली अभिनेत्री' असा बिल्ला लावतो आणि मोकळे होतो. त्यातही आई पहिली की मुलगी पहिली, यावर क्विझमध्ये भांडणं. अहो, दोघींना त्या बिल्ल्याचं काय होतं? त्यांना महिन्याचा पगार हवा होता.

खरं काम तर रंगभूमीवर होतं. कमलाबाईंचे यजमान रघुनाथराव गोखले आधी किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्री-भूमिका करायचे. पुढे 'चित्ताकर्षक' नाटक कंपनीत ते नायक आणि कमलाबाई नायिका. स्टेजवर खरी बाई, तीही नायकाची खरी बायको! माइक नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पद पोचवायचं, वन्समोअर आला की तेच पद पुन्हा तेवढ्याच ताकदीने. रात्र रात्र नाटक, मग गाव सोडायचं, पुढच्या मुक्कामाला सामान उतरवायचं. लहान मुलं घेऊन. हे करून बघा म्हणावं.

आणि हे सगळं कधी, तर बालगंधर्वांचा शालू कसा होता याची चर्चा घराघरांत चालायची तेव्हा. बालगंधर्व ते बालगंधर्व, मान्य. त्यांच्या गाण्याला तोड नाही, हेही मान्य. पण पुरुषाने बाई केली की ती कला, आणि बाईने बाई केली की ती 'तसली', हा हिशेब मला कधीही पटणार नाही. 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक १९३३ चं. त्यात स्त्री-भूमिका स्त्रियांनी केल्या याचं केवढं कौतुक आपण शाळेपासून वाचतो. करावं, जरूर करावं. फक्त त्याच्या कितीतरी आधीपासून कमलाबाई हेच काम पोटासाठी करत होत्या, बेळगावकर स्त्री संगीत मंडळीतल्या बायका करत होत्या, हेही त्याच पानावर येऊ द्या. सुशिक्षित घरातल्या मुली स्टेजवर आल्या तेव्हा आपल्याला क्रांती दिसली. त्याआधीच्या सगळ्या शेजाऱ्यांच्या.

हो, आजोबांचं तेच वाक्य. आज ऐकताना हसू आलं नाही.

आता जरा थंड डोक्याने. निवेदिकेला दोन मिनिटांचा वेळ दिला असेल. ओळखीचं नाव घेतलं की लोक ऐकतात, हेही खरं. आजोबाही दुष्ट नव्हते. मुलीचं लग्न मोडेल म्हणून घाबरले, आणि ते मोडलंही असतं. आत्याच म्हणते, "बाबांनी ते सांगितलं आणि त्यांचा हात थरथरत होता गं, मी ट्रे ठेवताना बघितला." हे ऐकलं की माझा राग कुठे ठेवावा कळत नाही.

पण मग पुन्हा चिडते मी. आजोबांना निदान भीती होती. आज आपल्याला कसली भीती आहे? कमलाबाईंनी १९१३ मध्ये मोहिनी केली आणि १९८० च्या 'गहराई' या हिंदी चित्रपटातही त्या आहेत. फाळक्यांच्या मूकपटापासून रंगीत चित्रपटापर्यंत एकच बाई! एवढी कारकीर्द एखाद्या पुरुष नटाची असती तर आपण त्याला 'अमक्याचे आजोबा' म्हटलं असतं का?

आत्याला मगाशी फोन केला. म्हटलं, तुझा तो फोटो कुठे आहे? म्हणाली, "असेल ट्रंकेत. तुला कशाला? आणि रात्री साडेअकराला फोन करतात का?" तिलाही थोडी चिडवली. रविवारी जाऊन ट्रंक उघडणार आहे, तिला आवडो न आवडो.

बरं, एक काम आहे. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर माहितीपट केलाय, त्यात म्हाताऱ्या कमलाबाई स्वतः बोलतात. तो रीतसर दाखवता येईल अशी सोय कुणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. जागा आणि चहा माझ्याकडे. आत्याला पहिल्या रांगेत बसवणार आहे, तेव्हा तिच्यासमोर "त्या विक्रम गोखल्यांच्या..." असं कुणी सुरू करू नका, ती माझ्यापेक्षा तिखट आहे.