दहा मार्कांचा ज्ञानकोश

अभिनंदन! यंदा बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमनी जर्नलऐवजी मराठी विकिपीडियावर एक लेख लिहायला सांगितलाय. इंटर्नलचे दहा मार्क. अजिबात घाबरू नका. मी गेली काही वर्षं रात्री जेवण झाल्यावर असेच लेख निस्तरत बसतो (घरचे याला व्यसन म्हणतात), त्यामुळे ते कसे लिहिले जातात हे माझ्याइतकं गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुणाला ठाऊक नसेल.

पहिलं म्हणजे घाई नको. महिनाभराची मुदत आहे याचा अर्थ सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत वेळ आहे. तोवर कॉलेज रोडवर चहा प्यावा, रविवारी मिसळ खावी. मग साडेअकराला सगळ्या बॅचने होस्टेलच्या एकाच वाय-फायवरून खाती उघडायला बसावं. एका अंकपत्त्यावरून (म्हणजे आयपी ॲड्रेसवरून) दिवसाला सहाच खाती उघडता येतात, हा नियम सातव्याला कळतो. सातव्याने तो आठव्याला सांगू नये. ज्याचं त्याने अनुभवातून शिकावं, यालाच प्रात्यक्षिक म्हणतात.

विषय निवडताना दूरचा निवडा. ‘विकर’, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रियांना वेग देणारा पदार्थ, उत्तम. त्यावर लेख आधीच असेल तर ‘एन्झाइम’ नावाने काढा, तोही असेल तर ‘एंझाईम’. ऱ्हस्वदीर्घाच्या आणि अनुस्वाराच्या कृपेने मराठीत एका विषयावर चार-पाच जणांचं सहज भागतं.

जवळच्या विषयाकडे मात्र चुकूनही पाहू नका. कांदाच घ्या. लासलगावची बाजारपेठ तासा-दीड तासावर. कांदा चिरला की पेशी फुटतात, एरवी वेगळं ठेवलेलं ॲलिनेज नावाचं विकर गंधकाच्या संयुगांना भिडतं, आणि त्यातून पुढे डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. पुष्कळ वर्षं समज असा होता की हा शेवटचा टप्पा आपोआप घडतो. २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की नाही, त्यासाठी दुसरं स्वतंत्र विकर आहे. त्यांना २०१३ मध्ये इग-नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. एवढा सगळा मजकूर एका कांद्यात! असला विषय घेऊ नये. माहिती असली की ती लिहावी लागते.

द्राक्षाचं तर नावच काढू नका. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे बाग आहे. थॉमसन जातीचा मणी तीन-चार मिलिमीटरचा झाला की डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), जीए किती पीपीएम, पाण्याचा पीएच उतरवायला काय घालायचं, हे अण्णा झोपेत सांगतील. हे जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडायची, त्या रोगाला जपानी शेतकरी ‘बाकानाए’ म्हणजे येडं रोप म्हणत. हा उद्योग एका बुरशीने सोडलेल्या रसायनाचा आहे हे १९२६ मध्ये कुरोसावांनी दाखवलं. भाताला आडवं करणारं ते रसायन आज आपल्याकडे द्राक्षाला फुगवतं. साडेअकराला अण्णांचा फोन येईल, “बाळा, तू ते शिकतोस ना, मग जीए मण्यात शिरून नेमकं करतं काय?” त्यावर एकच उत्तर द्यावं : “अण्णा, नंतर बोलू. विकरांवर लेख लिहितोय.”

आता प्रत्यक्ष लेखन. इंग्रजी लेख उघडा, सगळा उचला, भाषांतर-यंत्रात टाका आणि जे बाहेर पडेल ते न वाचता चिकटवा. ‘न वाचता’ हे महत्त्वाचं, वाचलंत तर दुरुस्त करावंसं वाटेल. मग विकराच्या ॲक्टिव्ह साइटचं, म्हणजे जिथे क्रिया घडते त्या जागेचं, ‘सक्रिय संकेतस्थळ’ होईल. दहा टक्क्यांच्या सोल्यूशनचा (द्रावणाचा) ‘दहा टक्के उपाय’ होईल. यीस्ट कल्चरला ‘यीस्टची संस्कृती’ लाभेल, आणि क्रेब्ज सायकलला (पेशीत ऊर्जा मिळवून देणाऱ्या क्रियांच्या चक्राला) हँडल आणि घंटी तेवढी बसवायची राहील. कंसातले संदर्भाचे आकडे तसेच राहू द्या. वाक्याच्या शेवटी [१२] आणि खाली संदर्भ एकही नाही, यामुळे लेखाला गूढता येते.

यंत्र नको असेल तर शाळेतला निबंध आठवा. ‘आजच्या विज्ञानयुगात विकरांना अनन्यसाधारण महत्त्व आहे’ अशी सुरुवात, ‘विकरांशिवाय जीवनाची कल्पनाच करवत नाही’ असा शेवट. मधे काही असायलाच हवं असा नियम नाही.

चरित्र लिहायचं असेल तर सत्काराचं भाषण लिहा. परवाच कमला सोहोनींवरचा असा मजकूर नजरेखालून गेला. थोर विदुषी, स्त्रीशक्तीचा मानबिंदू, कार्य अतुलनीय. कार्य काय, ते नव्हतं. १९३३ साली मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, बाईंनी हट्टाने तो मिळवला, पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी (पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन) असतं हे दाखवून १९३९ मध्ये पीएचडी घेतली. बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याने बायोकेमिस्टवर लिहिताना बायोकेमिस्ट्री तेवढी वगळावी, याला वेगळीच प्रतिभा लागते. मी हात जोडले.

संदर्भ मागितलेच तर सरांच्या नोट्स द्या, झेरॉक्सवाल्याकडे मिळतात त्या. त्या नोट्स कुठून आल्या हे विचारू नका. मी एकदा माग काढला होता : नोट्स इंग्रजी विकिपीडियावरून घेतलेल्या, आणि आता मराठी विकिपीडियाला आधार त्या नोट्सचा. गोदेचं पाणी गोदेलाच वाहायचं, अर्घ्यच म्हणा ना. नाहीतर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, नाशकातच १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. पण तिथवर गाडी काढावी लागते, आणि पेट्रोल मिसळीत संपलेलं असतं.

पुणेकर यात आपल्या पुढे होते, हे मात्र मान्य करू. २०११ साली तिथल्या शेकडो विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर असंच लिहायला लावलं होतं. पोरांनी पुस्तकांतले उतारेच्या उतारे इतक्या निष्ठेने चिकटवले, की ते काढता काढता जगभरचे स्वयंसेवक दमले आणि वर्षअखेर तो प्रयोगच गुंडाळावा लागला. आपण मराठीत आहोत. इथे दमायला माणसंच इतकी थोडी, की काम लवकर आटोपतं.

मध्यरात्रीनंतर तुमच्या लेखावर ‘पान काढा’ असा साचा, म्हणजे सूचनेची पाटी, लागेल. चर्चापानावर कुणीतरी (बहुधा मीच) विचारेल, हा मजकूर कुठून घेतला? मुद्द्याला हात न घालता लिहा : “सर प्लीज डिलीट करू नका, उद्या सबमिशन आहे.” खाली मित्रांनी ओळीने ‘+१’ द्यावेत. तरीही लेख उडालाच तर खचू नका. १९३७ साली त्या सायकलवाल्या क्रेब्जचा तिच्यावरचा निबंधसुद्धा ‘नेचर’ने परत पाठवला होता. त्याने आधी कबुतराच्या स्नायूंवर प्रयोग केले होते, तुमचा कबुतरांशी संबंध रामकुंडावर दाणे टाकण्यापुरता, पण नकार तो नकारच.

आणि लेख उडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मॅडमना लिंक नकोय, रंगीत प्रिंट हवीय, स्पायरल बाइंडिंग करून, पहिल्या पानावर रोल नंबर. नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फायलीत ‘नवोपक्रम’ या शीर्षकाखाली तीच लागेल. समारोपाला बॅनर, पाहुणे, शाल-श्रीफळ. आठ मार्क नक्की. दोन बाइंडिंगच्या रंगाचे जातात.

एखाद्याचा लेख माझ्या नजरेतून सुटून राहतोही. मग पंधरा दिवसांनी कधीतरी रात्री अण्णांचा फोन येतो. “बाळा, तुझा लेख वाचला हो मोबाइलवर. दोनदा वाचला. मोठं काम केलंस. फक्त ते तू सक्रिय संकेतस्थळ म्हणतोस ना, ते आमच्याकडे उघडेना. रेंजमुळे असेल का?”