‘घरोघरी फायबर असताना अपडेटची डीव्हीडी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विंडोजची अपडेट्स उतरवून डीव्हीडीवर जपून ठेवावीत, या माझ्या लेखावर तुम्ही मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरोघरी फायबर आलंय, तेव्हा हा उपद्व्याप कशाला? डिस्कवर पडून राहिलेल्या जुन्या फाइलींचा भरवसा काय? आणि जरा रागाने लिहिलेलं शेवटचं वाक्य, की मी लोकांना विंडोज ७ सारख्या बंद झालेल्या सिस्टिमला धरून राहायला शिकवतोय.

नेट किती वेगवान आहे यावर माझा लेख नव्हताच. फॉरमॅट मारून नुकतंच टाकलेलं विंडोज डिस्कवरच्या तारखेइतकंच जुनं असतं. त्यानंतर सापडलेलं सुरक्षेतलं प्रत्येक भगदाड त्यात उघडं असतं, आणि ते बुजवण्यासाठी आपण त्याला नेटवरच पाठवतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम) आला तेव्हा याचा फटका जगभर बसला. त्यावरचा पॅच, म्हणजे ते भगदाड बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिला होता. पण विंडोज एक्सपीचा फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी भिंत) तेव्हा मुळात बंद असायचा. कोरं मशीन मोडेमने थेट नेटला जोडलं की काही मिनिटांत वर्म आत यायचा, पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि पॅच उतरायच्या आत मशीन रिस्टार्ट व्हायचं. फेब्रुवारी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच सुरक्षा अपडेट्सची सीडी मोफत वाटली. फायरवॉल आपोआप चालू राहायला लागला तो ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या अपडेट्सच्या मोठ्या संचापासून.

आज घरचा राउटर मध्ये असतो, त्यामुळे बाहेरून इतक्या सहज कोणी आत येत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण ऑफिसच्या किंवा कारखान्याच्या लॅनमध्ये (आतल्या नेटवर्कमध्ये) शेजारचंच मशीन बाधित असेल तर राउटर काय करणार? मे २०१७ चा वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म असाच एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला आणि ब्रिटनमधली रुग्णालयं अडली. त्यावरचा पॅचही दोन महिने आधी, मार्चमध्ये आलेला होता.

आणि नेट आहे म्हणून अपडेट मिळेलच, हे तरी कुठे खरं आहे? अपडेट अस्सल आहे हे ओळखण्यासाठी विंडोज त्यावरची डिजिटल सही तपासतं. ही सही आधी शा-१ (SHA-1) या जुन्या पद्धतीची असायची, २०१९ पासून ती शा-२ या अधिक सुरक्षित पद्धतीची झाली. विंडोज ७ ला शा-२ कळावी म्हणून मार्च २०१९ मध्ये वेगळी अपडेट्स द्यावी लागली. पुढे ३ ऑगस्ट २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने शा-१ सहीच्या फाइली आपल्या डाउनलोड सेंटरवरून काढून टाकल्या, आणि त्याच सुमारास फक्त शा-१ कळणाऱ्या मशीनना अपडेट देणंही बंद केलं. आज कोरं विंडोज ७ टाकून अपडेटचं बटण दाबलं तर एररच येते. ती घालवणारं अपडेट आधी बाहेरून आणून हाताने टाकावं लागतं. तुमचं फायबर कितीही वेगवान असलं तरी इथे त्याचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे फाइली जपलेल्या होत्या, त्यांचं काम त्या दिवशीही अडलं नाही.

भरवशाचा प्रश्न तुम्ही अगदी योग्य विचारलात. टेलिग्रामवर फिरणाऱ्या ‘सगळी अपडेट्स आत टाकलेल्या’ आयएसओला (विंडोजच्या अख्ख्या डिस्कची एक फाइल) कृपया हात लावू नका. फाइली फक्त मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. डिस्क दहा वर्षं जुनी असली तरी सही फाइलीच्या आतच असते. कोणी फाइल बदलली तर सही जुळत नाही आणि विंडोज ती घेत नाही. पेन ड्राइव्हऐवजी डिस्क का, याचं उत्तरही सुरक्षेतच आहे. नोव्हेंबर २००८ पासून पसरलेला कॉन्फिकर वर्म पेन ड्राइव्हवर स्वतःला लिहून घ्यायचा, आणि झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह घरी आणणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. फायनलाइज केलेल्या, म्हणजे लिहून कायमच्या बंद केलेल्या डीव्हीडी-आरवर बाधित मशीनला काहीही लिहिता येत नाही.

आता विंडोज ७. रोजच्या वापराच्या, बँकेची कामं होणाऱ्या कॉम्प्युटरवर ते ठेवू नका. १४ जानेवारी २०२० ला त्याचा सर्वसाधारण सपोर्ट संपला. पण एखाद्या वर्कशॉपमध्ये लाखोंचं मशीन आहे, ते अचूक चालतंय आणि त्याचा ड्रायव्हर (ते मशीन विंडोजला जोडणारा प्रोग्रॅम) विंडोज ७ च्या पुढे आलाच नाही. त्या मालकाला ‘नवीन घ्या’ असं सांगून आपण मोकळे होतो, तो मात्र होत नाही. त्याची हार्ड डिस्क गेली की सिस्टिम पुन्हा टाकावी लागणारच. मग ती शेवटच्या अपडेटपर्यंत आणून, नेटपासून दूर ठेवून वापरणं हाच त्यातला सुरक्षित मार्ग. असं मशीन सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला आस्था आहे, आणि लेख त्याच्यासाठीच होता.

त्याच्यासाठी क्रम पुन्हा सांगतो, कारण क्रम चुकला की ‘हे अपडेट या कॉम्प्युटरला लागू नाही’ असा संदेश येतो. लॅनची वायर काढायची. सर्व्हिस पॅक १, मग केबी ३०२०३६९ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टने अपडेटला दिलेला क्रमांक), मग २०१६ चा मोठा एकत्रित संच केबी ३१२५५७४. त्यानंतर शा-२ साठी केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९, आणि शेवटी जानेवारी २०२० चा केबी ४५३४३१०. हे सगळं ४.७ जीबीच्या एका डिस्कवर आरामात मावतं.

डिस्क टिकते का, ही तुमची शंका रास्त आहे. लिहिता येणाऱ्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि दमट हवेत खराब होतो, आणि कोकणातला पावसाळा काही दया दाखवत नाही. म्हणून दोन प्रती करा, लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा आणि तिसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. फाइलींचे शा-२५६ हॅशही (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ठसा) एका मजकूर फाइलीत लिहून तिथेच ठेवा. ‘सर्टयुटिल’ ही विंडोजमधलीच कमांड ते काढून देते.

विंडोज ११ साठी मात्र मी हा खटाटोप करायला सांगणार नाही. तिथे अपडेट्स एकत्रित येतात, ताजी आयएसओ घेतली की बहुतेक काम होतं. विंडोज १० ची अपडेट्सही एकत्रितच येतात, पण त्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि घरात, दुकानांत, शाळांत ती मशीन अजून आहेत. २२एच२ या त्याच्या शेवटच्या आवृत्तीची आयएसओ आणि त्या ऑक्टोबरचं एकत्रित अपडेट आज सहज मिळतंय, तोवर उतरवून घ्या. ही आयएसओ साध्या डीव्हीडीवर मावत नाही, दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क लागेल.