नाकाने फसवलं, दातांनी भोगलं

जर्मनीत ऑक्टोबर आला की लोक बागेतली जास्तीची फळं टोपलीत भरून फाटकाबाहेर ठेवतात. वर पाटी : फुकट न्या. ‘फुकट’ हा शब्द मला कुठल्याही भाषेत वाचता येतो. चार पिवळीधम्मक फळं उचलली. ओबडधोबड पेरूसारखी, अंगावर राखाडी लव. वास मात्र असा, की पेरू, अननस आणि गुलाब एकाच पिशवीतून आणलेत!

हे क्विन्स. घरी लव पुसून सरळ चावा घेतला. पहिल्या चाव्याला फळाने दादच दिली नाही. दुसऱ्याला तुकडा निघाला आणि तोंडात तुरटी फिरल्यासारखं झालं. जीभ टाळूला, गाल दातांना. गिळवेना, आणि थुंकावं तर समोर बायको, ‘फुकटचं आणू नकोस’ म्हणणारी.

ऑफिसातला तुर्की मित्र हसत सुटला. त्यांच्याकडे ‘आपण क्विन्स खाल्लं’ म्हणजे ‘आपली वाट लागली’! एक अख्खा देश पुढे ठेच खाऊन बसलाय, तरी मागचा हा शहाणा झाला नाही.

“कच्चं खाल्लंत?” शेजारच्या आजींनी कपाळाला हात लावला. “अहो, ते कपाटात ठेवायचं, कपड्यांना वास लागतो. नाहीतर जेली करायची.”

सुरी फळात रुतली ती निघेना. कवठासारखं आपटावं म्हटलं, तर खालच्या मजल्यावर घरमालक. बिया-गाभ्यासकट शिजवलं, कारण जेली धरते ती तिथल्या पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्यावर. मग फडक्यात बांधून रात्रभर टांगलं. सकाळी बायकोला वाटलं, श्रीखंडाचा चक्का. तिचा तो चेहरा अजून आठवतो.

रस साखर घालून आटवायला ठेवला. तासाभरात पिवळट रस गुलाबी झाला, मग माणकासारखा लाल. रंगाचा थेंब नाही! ज्या तुरटपणाने माझी जीभ आखडली, तोच शिजताना हा रंग सोडतो म्हणे. चव? आंबटगोड, गुलाबाच्या वासाची. मी उभ्या उभ्या चार चमचे संपवले.

दोन दिवसांच्या तपश्चर्येतून दीड बाटली जेली. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला बाटली उजेडात धरून दाखवली.

“अय्या, पेरूची जेली!” आई म्हणाली. “मी करायचे की. शाळेच्या डब्यात द्यायचे, तेव्हा तशीच परत आणायचास.”