स्लॅब टाकला, तपासायचा कुणी?

कौलं उतरवून स्लॅब टाकायचा, आयुष्याची पुंजी ओतायची आणि काम बघायला गेलं की ठेकेदाराचं एकच पालुपद, ‘काळजी करू नका!’ का करू नये? सळई खालच्या फळ्यांना टेकू नये म्हणून ठेवायचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, कुठे आहेत? कोकणच्या खाऱ्या हवेत सळई उघडी राहिली की गंजणारच, काँक्रीटचे पोपडे डोक्यावर पडणारच! काँक्रीट पातळ करायला पाइपने वाट्टेल तेवढं पाणी, काँक्रीट हलवून घट्ट बसवायचा व्हायब्रेटर मात्र कोपऱ्यात पडून. राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला निदान १० दिवस पाणी मारायला हवं, ही माणसं तिसऱ्या दिवशीच गायब. गच्चीत पाणी साठवून गळती बघू म्हटलं तर ‘पावसात कळेलच’. पावसात? तोवर सगळे पैसे घेऊन, ठेकेदारसाहेब, तुमचा फोन बंद! शेवटचा हप्ता आत्ता मिळणार नाही. गच्ची भरा, ४८ तास थांबा, खालून छत कोरडं दाखवा.