टोनीच्या पोराचं पुढे काय?

परवा पुण्याहून मावसभावाचा फोन होता, विषय नेहमीचाच, घराणेशाही. बापाची खुर्ची पोराला, पोराची नातवाला, "तुमच्याकडे बरंय दादा, असलं काही नसतं". मी म्हटलं अरे बाबा मी न्यू जर्सीत राहतो, इथला सगळ्यात फेमस बाप टोनी सोप्रानो, त्याचाही धंदा वडिलांपासूनच चालत आलेला!

ज्यांनी 'सोप्रानोज' ही अमेरिकन टीव्ही मालिका बघितली नाहीये त्यांच्यासाठी, 1999 ते 2007, 86 एपिसोड, टोनी हा इथला माफिया बॉस. शेवटच्या सीनला ब्लूमफील्डच्या होल्स्टन्स या रेस्टॉरंटमध्ये तो, बायको कार्मेला आणि पोरगा एजे ऑनियन रिंग्ज खात बसलेत, मुलगी मेडो बाहेर गाडी पार्क करतेय, ती आत येते ना येते तोच स्क्रीन काळी. टोनी मेला का वाचला यावर लोक अजून भांडतात. (होल्स्टन्स खरंच आहे, आईस्क्रीम मस्त मिळतं.) मला मात्र प्रश्न पडतो एजेचा.

शाळेतून काढला, कॉलेज धड नाही, व्हिडिओच्या दुकानात नोकरी, मग बांधकामावर, तिथे भेटलेली ब्लँका सोडून गेली तर पायाला दोरीने काँक्रीटचा ब्लॉक बांधून घरच्या स्विमिंग पूलमध्ये जीव द्यायला निघाला, दोरी लांब पडली म्हणून वाचला आणि बापाने कपड्यांसकट उडी मारून बाहेर काढला. त्याआधी चाकू घेऊन बापावर गोळी झाडणाऱ्या म्हाताऱ्या चुलत आजोबाला मारायला गेलेला, तेही जमलं नाही, टोनीने ओळख लावून सोडवून आणला.

म्हणजे बघा, आपल्याकडच्या वादात बापाला खुर्ची पोरालाच द्यायची असते हे धरूनच सगळे बोलतात. टोनीला द्यायची नाहीये! या धंद्यात हा टिकणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, उलट आपले सडके जीन्स पोरात उतरले म्हणून तो थेरपिस्टसमोर कळवळतो. पण शेवटी पोरगं स्वतःहून म्हणतं मी आर्मीत जातो, अरबी शिकतो, अफगाणिस्तानला जातो, तर आईबाप घाबरून त्याला ओळखीच्या माणसाच्या फिल्म कंपनीत चिकटवतात आणि वर नवी बीएमडब्ल्यू. जुनी गाडी त्याने वाळक्या पानांवर लावून जाळलेली!

काही फॅन म्हणतात तो पुढे गँगस्टर होणार, काही म्हणतात सुधारणार. मला दोन्ही पटत नाही. तो आज चाळिशीच्या आसपास असेल, बापाच्या कुठल्यातरी मित्राच्या पैशावर नाईटक्लब चालवत असेल, तोट्यात. गंमत म्हणजे टोनी करणारे जेम्स गँडोल्फिनी 2013 मध्ये गेले आणि 2021 च्या प्रीक्वेल सिनेमात तरुण टोनी त्यांच्याच मुलाने केला, मायकेलने. आणि चांगला केलाय हो, त्यामुळे तिथे माझी पंचाईत होते.

हे सगळं भावाला ऐकवलं. तो म्हणाला, "ते जाऊदे, तुझा पोरगा काय करतोय?" आमचा दोन सेमिस्टर करून कॉलेज सोडून घरी बसलाय. म्हटलं काही नाही, एडिसनला मित्राची कंपनी आहे, त्याच्या कानावर घातलंय.

"लागला?"

"सोमवारपासून जातोय."