‘कोड येत नाही? मग टायपो शोधत बसा’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज बराच फिरतोय: ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधलं, म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या लिखाणातलं, योगदान म्हणजे नुसते टायपो सुधारणं, त्यालाही आधी गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि फर्डं इंग्रजी हवं, नवख्यांनी तर लुडबुड करूच नये.

गिटचं आधी उरकतो. गिटहब या गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या वेबसाइटवर खातं असलं की पानाची फाइल उघडायची, पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक करून ओळ बदलायची. फोर्क, म्हणजे प्रकल्पाची तुमची प्रत, गिटहबच करून देतं आणि पुल रिक्वेस्टचं, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ या विनंतीचं, बटण समोर येतं. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडावंही लागत नाही. एमडीएन वेब डॉक्स या वेब तंत्रज्ञानाची माहिती देणाऱ्या मोठ्या प्रकल्पाचा मजकूरही डिसेंबर २०२० पासून गिटहबवरच आहे.

‘नवख्याला काय कळतंय?’ हा मुद्दा मला सगळ्यात उफराटा वाटतो. गाइड लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळं आधीपासून बसवलेलं असतं, त्यामुळे तो अडखळतच नाही. समजा, चौथ्या पायरीत कमांड चालवायला सांगितली आहे आणि तिला लागणारी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल बनवायचं सातव्या पायरीत येतं. ‘फाइल सापडली नाही’ हा एरर फक्त नव्या माणसालाच दिसणार! मात्र ‘सेटअप चालत नाही’ एवढंच लिहून इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची तक्रारनोंद) टाकला, तर समोरचा काय करणार? कोणतं पान, कितवी पायरी, कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, एरर जसाच्या तसा, आणि शेवटी गाडं कशाने पुढे सरकलं, हे लिहा. दुरुस्ती दुसऱ्या कुणी केली तरी निम्मं काम तुम्ही केलेलं असतं.

टायपोंबद्दलचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या उपक्रमात पुल रिक्वेस्टींवर टी-शर्ट मिळायचा; २०२० मध्ये त्यासाठी लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या ओळखीच्या फाइलीत) ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ घुसवून मेंटेनरना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, इतकं पिडलं, की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलून फक्त स्वतःहून सहभागी होणारे प्रकल्पच धरावे लागले. पण गिटहबच्या २०१७ च्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा शिळ्या डॉक्युमेंटेशनची तक्रार केली होती, आणि ६० टक्के योगदानकर्ते त्याला क्वचितच किंवा कधीच हात लावत नव्हते. मेलेल्या लिंका, जुने स्क्रीनशॉट, न चालणारी उदाहरणं: काम पडलंय ते इथे.

राहिलं इंग्रजी. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. व्याकरण रिव्ह्यूत सुधारून मिळतं. भाषांतराचाही रस्ता आहे, पण प्रकल्प तुमची भाषा घेतो का, आणि ती तपासायला कुणी आहे का, हे आधी विचारा. नाहीतर तुमची पुल रिक्वेस्ट वर्षभर तशीच उघडी पडून राहील.