इमारतीला होकार, शिक्षकाला नकार

आमच्या न्यूटनमध्ये १४ मार्च २०२३ रोजी जे मतदान झालं, त्याचा निकाल मला अजूनही पचलेला नाही. बोस्टनला पश्चिमेकडून खेटून असलेलं हे शहर. मतपत्रिकेवर तीन प्रश्न होते. पहिला असा की शहराने मालमत्ता करातून ९१ लाख ७५ हजार डॉलर जादा गोळा करावेत का? त्यातला मोठा वाटा शाळांच्या चालू खर्चाचा होता, बाकीचा रस्ते, झाडं, ज्येष्ठांच्या सोयी यांचा. उरलेले दोन प्रश्न कंट्रीसाइड आणि फ्रँकलिन या प्राथमिक शाळांच्या इमारतींबद्दल. त्यांच्यासाठी काढायच्या कर्जाचे हप्ते जादा करातून फेडायचे का? लोकांनी दोन्ही इमारतींना होकार दिला आणि पहिल्या प्रश्नाला नकार.

म्हणजे भिंती हव्यात, छप्पर हवं, पण आत उभं राहून शिकवणाऱ्या माणसाचा पगार वाढत्या महागाईत कुठून द्यायचा, या प्रश्नावर बहुमत ‘नाही’ म्हणालं.

हे मतदान घ्यावं का लागतं, ते आधी सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर १९८० मध्ये राज्यभरच्या मतदारांनी एक कायदा मंजूर केला. सगळे त्याला ‘अडीच टक्क्यांचा कायदा’ म्हणूनच ओळखतात. एखाद्या गावाची मालमत्ता कराची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, नव्या बांधकामांचा कर तेवढा वेगळा. घरांच्या किमती कितीही चढल्या तरी मर्यादा तीच. पण शिक्षकांचे पगार, त्यांच्या आरोग्य विम्याचे हप्ते, विशेष गरजा असलेल्या मुलांची सोय, शाळेच्या बस हे सगळं अडीच टक्क्यांत बसायला तयार नसतं. मग दर काही वर्षांनी गाव लोकांपुढे येतं आणि मर्यादा ओलांडायची परवानगी मागतं. यालाच इथे ओव्हरराइड म्हणतात. एकदा मंजूर झाला की ती वाढ पायाभूत रकमेत कायमची मिसळते. इमारतीसाठीची परवानगी वेगळी असते, कर्ज फिटलं की तो जादा कर संपतो.

दोन्ही प्रकारच्या प्रश्नांचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिलेला आहे, आणि त्यात एक फरक आहे. ओव्हरराइडच्या प्रश्नात रकमेचा आकडा छापावाच लागतो. इमारतीच्या कर्जाच्या प्रश्नात आकडा नसतो, फक्त काय बांधायचं ते लिहिलेलं असतं. मतदान केंद्रावर पेन हातात घेऊन उभं राहिलं की एका ओळीत ९१,७५,००० डॉलर दिसतात आणि दुसऱ्या ओळीत मुलांची नवी शाळा दिसते. निकाल एवढ्यानेच फिरला असं मी म्हणणार नाही. पण तो कागद मी हातात धरला आहे, आणि त्या दोन ओळी मनावर सारखा परिणाम करत नाहीत, हे खात्रीने सांगते.

मी तिन्ही ठिकाणी ‘हो’ केलं. ‘नाही’ म्हणणारे स्वार्थी होते, असं मात्र मला वाटत नाही. आमच्या गल्लीत एक आजी राहतात. नवरा गेला, मुलं दूरच्या राज्यात. घर त्यांनी तरुणपणी घेतलेलं, आज त्याची किंमत डोळे फिरावेत इतकी. हातात मात्र ठरलेली पेन्शन. घराची किंमत वाढली म्हणून त्यांच्या घरात जास्त भाजी येत नाही. त्यांनी मला सरळ सांगितलं, मुलांना विरोध नाही, पण ही वाढ कायमची आहे आणि मी कायमची नाही. यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. शहराचे पैसे नीट वापरले जात नाहीत, असं मनापासून मानणारेही बरेच होते, आणि त्यांनी अंदाजपत्रक पान न् पान वाचलेलं होतं.

पुढच्या जानेवारीत, २०२४ मध्ये, न्यूटनचे शिक्षक संपावर गेले. शाळेचे ११ दिवस बुडाले. या राज्यात सरकारी नोकरांना संप करायला बंदी आहे, त्यामुळे कोर्टाने शिक्षक संघटनेला दंडावर दंड ठोठावले. फेब्रुवारीची सुट्टी कापून मुलांचे दिवस भरून काढावे लागले. हा संप केवळ त्या नकारामुळे झाला असं म्हणणं चुकीचं ठरेल, करारावरची ओढाताण आधीपासून चालू होती. वर्गातल्या मदतनीसांचे पगार, बाळंतपणाची रजा, शाळांमध्ये मुलांच्या अडचणी हाताळणारे सोशल वर्कर या मागण्या होत्या. पण यातली प्रत्येक गोष्ट दरवर्षी लागणाऱ्या पैशाची होती आणि नेमका तोच पैसा मतपेटीतून नाकारला गेला होता.

त्याच २०२३ सालात महाराष्ट्रात काय चाललं होतं ते आठवून पाहा. जुलैमध्ये जिल्हा परिषद शाळांमधल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर घ्यायचा आदेश निघाला. सप्टेंबरमध्ये शाळा दत्तक योजना आली. कंपन्यांनी आणि देणगीदारांनी सरकारी शाळा ठरावीक वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात, वस्तू आणि सेवा द्याव्यात, हवं तर शाळेला आपलं नाव जोडावं. त्याच सुमारास वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विषय निघाला आणि त्यावरून रान उठलं. घरच्या ग्रुपवर आठवडाभर तेच चाललं होतं. दादा म्हणत होता, चार मुलांसाठी दोन शिक्षक कोणत्या हिशेबात बसतात? मावशी म्हणत होती, पावसाळ्यात ओढा ओलांडून सात वर्षांची पोर जाणार कशी?

माझी वहिनी पाटण तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. द्विशिक्षकी हे कागदावर. दुसरी जागा रिकामीच होती, मग एक निवृत्त गुरुजी आले, ते त्यांची तब्येत सांभाळून येतात. पहिली ते चौथीचे वर्ग एका खोलीत घेता घेता वहिनी पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहिते, ऑनलाइन माहिती भरते, मतदार याद्यांचं काम आलं की घरोघर फिरते. शाळेची इमारत मात्र देखणी आहे. भिंतींवर फुलपाखरं आणि बाराखडी, एका कंपनीने दिलेला भलामोठा टीव्ही, लोकवर्गणीतून केलेलं गेट. गेटवर देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरलेली आहेत. शिक्षकाच्या पगाराला वर्गणी देऊन कुणाचं नाव कोरलं गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

न्यूटनचे मतदार आणि आमच्याकडचे देणगीदार इथे एकाच जागी येऊन थांबतात. एकदाच द्यायचं आणि डोळ्यांना दिसेल असं काहीतरी द्यायचं, हे आवडतं. दरवर्षी द्यायचं आणि दिसणार काहीच नाही, हे जड जातं. शिक्षण मात्र दुसऱ्या प्रकारच्या खर्चावर चालतं.

मग परदेशातलं चांगलं काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते चांगलं हे की प्रश्न विचारला गेला. रकमेसकट, तारखेसकट. निकालाआधी चर्चमध्ये, वाचनालयात, शाळेच्या जेवणघरात सभा झाल्या. महापौर आल्या, शाळा समितीचे सदस्य आले, आणि ‘पैसे मिळाले नाहीत तर कुठली पदं कमी होतील’ हे त्यांना नाव घेऊन सांगावं लागलं. नकार देणाऱ्यालाही आपण काय नाकारतोय ते माहीत होतं.

आपल्याकडे असा कर नाही असा समज आहे, तो खोटा आहे. मुंबईतल्या मालमत्ता कराच्या बिलात महापालिका शिक्षण उपकर असतो आणि राज्याचा शिक्षण उपकरही असतो. राज्याचा हा उपकर १९६२ च्या कायद्यापासून आहे. किती जणांनी बिलातली ती ओळ वाचली आहे? मालमत्ता करावर आपल्याकडे चर्चा होते ती फक्त सवलतीची. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये माफी जाहीर झाली. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत काढली, मग परत दिली, आणि लोक त्या सवलतीसाठी लागणारा पीटी-३ चा फॉर्म भरायला रांगा लावून उभे राहिले. सवलत मागणं गैर नाही. पण ‘घरामागे वर्षाला इतके रुपये वाढवू, त्यातून महापालिकेच्या प्रत्येक शाळेत चित्रकलेचा आणि खेळाचा पूर्णवेळ शिक्षक नेमू, मान्य आहे का?’ असा प्रश्न पुणेकराला कधीच कुणी विचारलेला नाही. विचारणार तरी कोण? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई-पुण्याचा कारभार वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात अंदाजपत्रकं मांडली गेली आणि मंजूरही झाली, एकाही निवडून आलेल्या नगरसेवकाने हात वर न करता.

न विचारता घेण्याची ही सवय जुनी आहे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ नावाची पट्टी घेत, आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. पैसे रयतेचे, पण शाळा कुठे निघावी आणि तिथे कुणाची मुलं बसावीत यात रयतेला काडीचा अधिकार नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमकं हेच मांडलं: तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामावर आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. ते निवेदन मी इथे राहून पुन्हा वाचलं तेव्हा ते केवळ इतिहास वाटलं नाही.

याचा अर्थ न्यूटनची पद्धत उचलून महाराष्ट्रात न्यावी असा नाही, उलट तिचा पाया मला मान्यच नाही. इथे शाळा चालते मुख्यतः गावच्या घरांवरच्या करावर. ज्या गावात घरं महाग त्या गावात शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. आपले मराठी लोक इथे आले की पहिल्यांदा शाळांची क्रमवारी बघतात आणि मग घर शोधतात. मीही तेच केलं. १९७३ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनियोमधल्या गरीब वस्तीतल्या पालकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. करावर चालणाऱ्या शाळांमधली ही विषमता घटनेविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळलं. मॅसॅच्युसेट्सने १९९३ मध्ये शिक्षण सुधारणा कायदा करून गरीब गावांना राज्याचा पैसा वाढवून दिला, त्याचा चांगला उपयोगही झाला. तरी न्यूटन आणि काही मैलांवरचं एखादं कामगारांचं शहर यांतली दरी बुजलेली नाही. अशा गावात ओव्हरराइड मांडायची सोयच कुठे असते? तिथल्या घरमालकाला आहे तो कर जड असतो.

आणि मत कुणाला, हाही प्रश्न आहेच. माझ्या शेजारचं तेलुगू कुटुंब एच-१बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. घर त्यांचं, कर त्यांचा, दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळेत. मत नाही. त्या मार्चमध्ये त्यांनी अंगणात ‘हो’ची पाटी लावली होती. तेवढंच त्यांच्या हातात होतं. नागरिकत्व मिळेपर्यंत मीही तशीच होते.

म्हणून मला जे हवं आहे ते दोन्हीकडून थोडं थोडं आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकाचा पगार राज्य देतं, पाटणच्या डोंगरातल्या आणि कोथरूडच्या शिक्षकाची वेतनश्रेणी एकच असते. ही मोठी कमाई आहे आणि ती मानधनाच्या वाटेने घालवू नये. पगार राज्याकडेच राहू दे, जागा वेळेवर भरू दे. त्यावर गावाला काही वाढवायचं असेल, वाचनालय, संगीताचा शिक्षक, मुलींसाठी एसटी नसलेल्या रस्त्यावर गाडी, तर त्यासाठी छोटी शिक्षणपट्टी ग्रामसभेत आणि वॉर्डात रकमेसकट मताला टाकावी. जमलेले पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर दिसावेत. गरीब गावाने एक रुपया उभा केला तर राज्याने त्यात जास्त भर घालावी आणि सधन गावात कमी, नाहीतर इथलीच विषमता तिथे उगवेल.

वहिनीला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने एकच शंका काढली. “अगं, पण आमच्या गावातली ज्यांची ऐपत आहे त्यांची पोरं कराडला इंग्रजी शाळेत जातात. त्यांना माझ्या शाळेचं काय? ते कशाला हो म्हणतील?”

शंका खरी आहे. न्यूटनमध्येही बहुतेक घरांत शाळेत जाणारं मूल नाही. तरीही याच शहराने मार्च २०१३ मध्ये ८४ लाख डॉलरच्या ओव्हरराइडला होकार दिला होता, आणि तेव्हाही त्यात शाळांच्या चालू खर्चाचा वाटा होता. दहा वर्षांनी त्याच शहराने नाही म्हटलं. मधल्या काळात काय बदललं, यावर इथे अजून वाद चालू आहेत. पण दोन्ही वेळा लोकांना विचारलं गेलं होतं. पाटणला एकदाही नाही.